बँटम कोंबड्या पहिल्यांदाच आणताय? हात लावायच्या आधी हे वाचा

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडं. घरी गावरान कोंबड्या आजीच्या काळापासून आहेत त्यामुळं मला वाटलं होतं की बँटम म्हणजे त्याच कोंबड्या फक्त साइज लहान, आणून सोडल्या की झालं. तसं नसतं हे समजायला मला दीड वर्ष लागलं आणि त्यात एक चांगली कोंबडी गेली. ते पुढं सांगतोच. आता आमच्या भागातली बरीच पोरं मोबाईलवर फोटो पाहून जोडी मागवून राहिली आणि मग पंधरा दिवसांनी विचारतात की भाऊ, हा कोंबडा अंगावर येते, ही हातातच येत नाही, काय करू. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतो.

बँटम ही एक जात नाही, एवढं आधी डोक्यात घ्या. लहान चणीच्या सगळ्या कोंबड्यांना बँटम म्हणतात. इंडोनेशियातल्या जावा बेटावर बांतेन नावाचं बंदर आहे, तिथून युरोपातल्या खलाशांनी लहान कोंबड्या जहाजावर घेतल्या आणि बंदराचंच नाव त्यांना पडलं. वजन साधारण अर्धा ते एक किलो, अंडं गावरानपेक्षाही लहान. अंडी किंवा मटणाच्या हिशोबानं घेत असाल तर घेऊ नका, हिशोब बसणार नाही. ही पाळायची ती जीव लावायला, आणि अंड्यावर बसवायला, कारण बसण्यात यांचा हात कोणी धरत नाही.

१. आधी स्वभाव पाहा, रंग नंतर

सगळ्यात मोठी चूक इथंच होते. फोटोत जी भारी दिसते ती आपण घेतो.

कोचीन बँटम म्हणजे गोल गुबगुबीत, पायावर पिसं असलेली. एकदम शांत. पहिल्यांदा पाळत असाल, घरात लहान लेकरं असतील तर हीच घ्या.

सिल्की म्हणजे ती केसाळ, मऊ पिसांची, खाली कातडी काळी आणि पायाला पाच बोटं. ही पण गरीब स्वभावाची आणि लय खुडुक बसते, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडून बसते. फक्त डोक्यावरचा झुपका डोळ्यावर येतो, तिला नीट दिसत नाही आणि मग आपण जवळ गेलो की दचकते. तिला भित्री समजू नका, आधी आवाज द्या, मग जा. झुपका जास्तच असेल तर डोळ्यापुढची पिसं कात्रीनं थोडी कापा.

जपानी बँटम ज्यांचे पाय आखूड आणि शेपूट सरळ उभी, डोक्याला टेकते की काय असं वाटणारी. माणसाळतात चांगल्या. पण पिल्लं काढायची असतील तर लक्षात ठेवा, आखूड पायाचा कोंबडा आणि आखूड पायाचीच कोंबडी लावली तर साधारण चारातलं एक पिल्लू अंड्यातच मरतं. तो त्या जातीच्या रक्तातला दोष आहे, तुमची कोंबडी नीट बसली नाही म्हणून नाही. जोडीतला एक लांब पायाचा ठेवला की हे टळतं.

सेब्राइट दिसायला सगळ्यात देखणी, प्रत्येक पिसाला काळी किनार. इंग्लंडात सर जॉन सेब्राइट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार केलेली. पण ही चपळ, उडणारी आणि सहजासहजी हाताला न येणारी. नवीन माणसानं हिच्यापासून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मी केली होती, पहिल्या जोडीतली तलंग (कोवळी कोंबडी) दुसऱ्याच दिवशी कडुलिंबाच्या शेंड्यावर होती.

झुंजीच्या जातीतले लहान कोंबडे पण बँटम म्हणून विकतात. अंगात रग असते, दोन कोंबडे एकत्र ठेवताच येत नाहीत. आणि कोणी झुंज लावू म्हणत असेल तर हात जोडून नाही म्हणा, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं तो गुन्हा आहे.

२. आणायच्या आधी घरी काय तयार पाहिजे

- खुराडं. जमिनीपासून हात-दीड हात उंच, जाळी बारीक भोकाची. मुंगूस नुसतं तोंड घालायला जागा शोधते, मोठ्या भोकाची जाळी काही कामाची नाही
- बांबूचं डालं, एक मोठं एक लहान. बुरडाकडून घ्या, प्लास्टिकच्या टोपल्यात हवा खेळत नाही
- जुनी सुती ओढणी किंवा दुपट्टा
- टॉर्च, शक्यतो मंद उजेडाचा
- पसरट पाण्याचं भांडं, पिल्लं असतील तर त्यात गोटे टाकून (पिल्लं पाण्यात बुडून मरतात, हे लोकांना खरं वाटत नाही)
- खाली अंथरायला कोरडं कुटार किंवा लाकडाचा भुसा
- खोबरेल तेल, हळद, स्वच्छ कापूस, बोथट टोकाची कात्री
- एक वही

विकणाऱ्याकडून पिल्लं कोणत्या तारखेची आणि कोणत्या लसी झाल्या हे लिहून घ्या. "सगळं झालं आहे" असं तोंडी सांगतात, त्यावर जाऊ नका. मरेक्स, राणीखेत, गंबोरो हे कोंबड्यांचे रोग. मरेक्सची लस पहिल्याच दिवशी अंड्यातून निघाल्यावर देतात, ती झाली का हे नक्की विचारा. त्यानंतर राणीखेतची लासोटा पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून, गंबोरो दुसऱ्या आठवड्यात, आणि आठव्या आठवड्यात राणीखेतचंच आर टू बी इंजेक्शन. लसीची बाटली शे-दोनशे डोसाची येते, तुमच्या सहा पक्ष्यांसाठी कोण फोडणार, म्हणून शेजारपाजारच्या गावरान कोंबड्या धरून एकाच दिवशी सगळ्यांचं करा. बर्फात आणायची, कालवली की दोन तासाच्या आत संपवायची.

आजूबाजूला बर्ड फ्लूची बातमी असेल तेव्हा नवीन पक्षी आणूच नका. देशात तो पहिल्यांदा निघाला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, २००६ मध्ये.

३. पहिले तीन दिवस हात लावू नका

प्रवासातून आलेला पक्षी घाबरलेला असतो. डब्यातून काढला, खुराड्यात ठेवला, पाण्यात चिमूटभर गूळ-मीठ, बाजूला ज्वारीची कणी, झालं. घरचे, शेजारचे, शाळेतून आलेली पोरं सगळी पाहायला येतील, त्यांना लांबून पाहू द्या. मोबाईल घेऊन तोंडाजवळ कोणी जाणार नाही हे बघा.

जुन्या कोंबड्यांमध्ये तर लगेच सोडूच नका. दोन-तीन आठवडे वेगळं ठेवायचं. एक तर रोग असला तर कळतो, दुसरं म्हणजे कोंबड्यांमध्ये कोण मोठी कोण लहान याचा मान ठरलेला असतो आणि नवीन आलेलीला सगळ्या मिळून टोचतात. गावरान कोंबडी दीड-दोन किलोची आणि ही पाऊण किलोची, डोक्याचं रक्त काढतात. मधे जाळी ठेवून आठवडाभर एकमेकींना पाहू द्या, मग संध्याकाळी अंधार पडता पडता एकत्र करा.

४. वरून हात घालायचा नाही

सगळ्या लेखातलं एवढं एकच वाचलं तरी चालेल.

मी पहिल्या महिन्यात काय करायचो तर खुराड्याचं वरचं झाकण उघडायचो आणि वरून हात घालून पाठीवर पकडायचो. रोज फडफड, रोज ओरडा. आजी ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली असायची, एक दिवस म्हणाली, "वरतून हात काहून घालतं रे बापू? थे तुले घार समजते."

मी त्या दिवशी अंगणात बसून नुसतं पाहिलं. वर एक घार गोल फिरत होती, लांब, मला आधी दिसली पण नाही. कोंबड्यानं मान वाकडी करून एक डोळा आभाळाकडं केला आणि गळ्यातून एकच लांब, बारीक आवाज काढला. त्यासरशी सगळ्या कोंबड्या जिथं होत्या तिथं चपकल्या, दोन पऱ्हाटीच्या ढिगाखाली घुसल्या. थोड्या वेळानं गल्लीतलं कुत्रं आलं तेव्हा त्याच कोंबड्यानं वेगळाच आवाज काढला, तुटक तुटक, कॉक कॉक कॉक, आणि तेव्हा कोणी चपकलं नाही, सगळ्या मान उंच करून उभ्या राहिल्या. म्हणजे वरून येणारं संकट वेगळं आणि जमिनीवरचं वेगळं, त्याच्यासाठी शब्द पण वेगळा. आणि मी रोज त्यांच्यासाठी वरून येणारं संकट होतो.

तेव्हापासून खुराड्याला बाजूनं दार केलं. तुम्ही पण दार बाजूनंच ठेवा. जवळ जाताना बसून जा, नजर रोखून पाहू नका, हात जमिनीलगत, तळवा वर. तळव्यात ज्वारी किंवा भिजवलेली हरभऱ्याची डाळ. पहिल्या दिवशी येणार नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी एक धीट असते ती येते, टोचते, पळते. तिला पकडायची घाई केली की आठ दिवसाची मेहनत पाण्यात. नुसतं खाऊ द्या. एकीनं खाल्लं की बाकीच्या पाहून येतात.

रोज एकाच वेळी जा आणि एकच आवाज द्या. आमच्याकडं आजीचं "ती ती ती" चालते, तुमच्या घरी जे असेल ते, पण बदलू नका.

५. पकडायचं कसं आणि धरायचं कसं

पाळलेली असो की नवीन, पळवून पकडायची नाही. मे महिन्याची गोष्ट आहे, दुपारचे दोन, एक कोचीन कोंबडी बाहेर निघाली. मी आणि पुतण्या तिच्या मागं, गोठ्यातून अंगणात, अंगणातून वाड्यात, दहा मिनिटं. शेवटी पकडली आणि सुटू नये म्हणून छातीशी दोन्ही हातानं घट्ट आवळली. चोच उघडी होती, मला वाटलं दमली आहे. हातातच मान टाकली तिनं.

नंतर कळलं ते असं. कोंबडीला घाम येत नाही, ती तोंडानं श्वास घेऊनच अंग थंड करते. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशाच्या आसपास. आणि आपल्यासारखा छाती-पोटाच्या मधला श्वासाचा पडदा तिला नसतो, छातीचं हाड पुढं-मागं हललं तरच हवा आत जाते. म्हणजे ४४ च्या उन्हात पळवून मी तिला तापवलं आणि छाती आवळून तिचा श्वास बंद केला. ती चूक माझीच होती, म्हणून इतकं सविस्तर सांगून राहिलो.

तर पद्धत अशी:

रात्री पकडा. अंधारात कोंबडीला जवळपास दिसतच नाही, ती बसल्या जागी राहते. तपासणी, लस, एका खुराड्यातून दुसऱ्यात नेणं ही सगळी कामं दिवस मावळल्यावर करायची, टॉर्च खाली धरून.

उजवा हात पोटाखालून बाजूनं सरकवा. दोन्ही पाय बोटांमध्ये येऊ द्या, एक बोट पायांच्या मधे. छातीचं हाड तळव्यावर टेकलं पाहिजे, वजन तळव्यावर. डावा हात पाठीवर हलका, पंख मिटलेले राहतील इतकाच. मग तिला आपल्या अंगाशी घ्या, तोंड कोपराकडं, शेपूट बाहेर. अशी धरली की दहा-वीस सेकंदात अंग सैल सोडते, ते हाताला कळते. फडफडली तर सोडून देऊ नका आणि दाबू पण नका, ओढणी डोक्यावरून टाका, अंधार झाला की शांत होते. सोडताना जमिनीपर्यंत वाकून पाय टेकवून सोडा, वरून टाकू नका.

आठवडी बाजारात पाय बांधून उलट्या लटकवून नेतात ते पाहून पाहून आपल्याला ते बरोबर वाटायला लागलं आहे. बँटमच्या बाबतीत तर बिलकुल नको, हाडं बारीक असतात, मांडीतून पाय निखळतो. पंख धरून उचलणं पण तसंच.

नवतपा सुरू असताना, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि एकूणच एप्रिल-मेमध्ये सकाळी दहा ते संध्याकाळी सहा हात लावायचा नाही. खुराड्यावर ओलं पोतं, खाली मातीवर गार पाणी शिंपडून. चोच उघडी आणि पंख अंगापासून लांब दिसले की समजा ती आत्ताच तापली आहे, सावलीत घ्या आणि पाय गार पाण्यात बुडवा, अंगावर एकदम बर्फाचं पाणी ओतू नका.

६. आठवड्यातून एकदा अंगावरून हात

हाताला आलेल्या कोंबडीचा खरा फायदा इथं आहे. छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा, सुरीसारखं टोकदार लागलं तर ती खंगली आहे, पिसांमुळं बाहेरून कळत नाही. गळ्याखालची दाण्याची पिशवी संध्याकाळी भरलेली आणि सकाळी रिकामी पाहिजे. सकाळी पण कडक भरलेली असेल तर अडकलं आहे. पंखाखाली आणि मागच्या जागेभोवती उवा पाहा. राखेत-मातीत लोळायला जागा दिली की उवा आपोआप कमी राहतात, चुलीची राख चाळून टाका.

पाय. कोचीन किंवा कोणतीही पायावर पिसं असलेली जात आपल्या काळ्या मातीत पाळायची म्हणजे पावसाळ्यात हे काम वाढतंच. चिखल पिसाला चिकटतो, वाळला की बोटाभोवती खड्यासारखा गोळा होतो, आणि कोंबडी लंगडते. ओढून काढू नका, पिसासकट कातडी येते. कोमट पाण्याच्या टोपल्यात पाच-दहा मिनिटं उभी करा, गोळा आपोआप विरघळतो, मग पुसून कोरडं करा. जुलै-ऑगस्टमध्ये अशा कोंबड्यांना मुरमाच्या किंवा सिमेंटच्या ओट्यावरच ठेवा. पायाचे खवले वर उचललेले, पांढरे खरखरीत दिसले तर ती खरूज आहे, खोबरेल तेल चोळून ठेवा आणि बाकीच्यांचे पण पाय पाहा, पसरते ती.

७. कोंबडा अंगावर येतो तेव्हा

बँटम कोंबडा पाऊण किलोचा असतो पण त्याच्या हिशोबानं सगळं अंगण त्याचं. चार-सहा महिन्याचा झाला की सुरू होतं. आधी इशारा देतो तो ओळखा, एक पंख खाली सोडून तिरपा तिरपा नाचत येतो, मानेची पिसं फुगवतो. कोंबडीपुढं असा नाचला तर लाडात आहे, तुमच्यापुढं नाचला तर तुम्हाला जोखतो आहे.

पळू नका. लाथ पण मारू नका, लाथ म्हणजे त्याच्या दृष्टीनं तुम्ही झुंज मान्य केली, उद्या तो दुप्पट तयारीनं येईल. उभे राहा, शांतपणे एक पाऊल त्याच्याकडं टाका, तो बाजूला झाला की थांबा. तरी आला तर वाकून बाजूनं उचला, काखेत घ्या आणि पाच-दहा मिनिटं तसाच घेऊन अंगणातलं आपलं काम करत फिरा. आठवडाभर रोज केलं की बहुतेक नरमतात. त्याच्यासमोर त्याच्या कोंबड्या उचलू नका, त्या बाजूला नेऊन उचला.

अजून एक, लहानपणी ज्या पिल्लाचे अतिलाड होतात आणि ते कोंबडा निघतं, तेच मोठेपणी जास्त अंगावर येतं, कारण माणसाची भीती उरलेली नसते. म्हणून नर ओळखू आला की त्याला हातावर खाऊ घालणं बंद करा.

पायामागचा काटा वाढला की लेकरांच्या डोळ्यापर्यंत जाऊ शकतो. फक्त टोक कानशीनं घासून बोथट करा. आत रक्तवाहिनी असते, कापायला जाऊ नका. आठ-दहा कोंबड्यांमागं एकच कोंबडा ठेवा, जास्त झाले तर कोंबड्यांच्या पाठीची पिसं जातात.

८. खुडुक कोंबडी

वर्षातून दोन-तीनदा तरी बसेल. काल मांडीवर येणारी कोंबडी आज फुगून दुप्पट होते, गुरगुरते, हात नेला की कडकडून टोचते. बिघडली नाही ती. एकवीस दिवस असंच चालेल.

अंड्यावर बसवायची असेल तर बँटमची आठ-दहा किंवा गावरानची चार-पाच अंडी ठेवा, जेवढी पोटाखाली झाकली जातात तेवढीच. दिवसातून एकदा स्वतःहून उठते का पाहा, उठत नसेल तर पंख उचलून खाली अंडं अडकलेलं नाही हे तपासून हलकेच बाहेर काढा, दाणा-पाणी, शीट (एकदम मोठी आणि वासाची असते, घाबरू नका), पंधरा-वीस मिनिटांनी तिची ती परत जाते.

बसवायची नसेल तर आपल्याकडं नाकात पीस खुपसतात, पाण्यात बुचकळतात. कृपा करून हे करू नका. खालून जाळी असलेल्या, हवा लागणाऱ्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, दाणा-पाणी पूर्ण द्या. पोटाला गारवा लागला की खुडुक उतरते.

९. आपल्या भागातले बाकीचे धोके

उडणं: एकाच पंखाची लांब पिसं कापा, दोन्ही कापली तर तोल राहतो आणि परत उडते. मुळाशी रक्त दिसणारी नवीन पिसं कापायची नाहीत. पिसं झडून नवीन आली की पुन्हा कापावं लागतं.

पेरणीच्या दिवसात बियाण्याच्या पिशव्या. औषध लावलेलं लाल-गुलाबी रंगाचं बियाणं ओट्यावर सांडतं आणि कोंबडी ते टिपते. फवारणीचा पंप खुराड्याजवळ धुऊ नका. सरकी आणि ढेप पण कोंबड्यांना नको, बलक हिरवट काळा पडतो.

दिवाळीचे फटाके आणि लग्नाचा डीजे. घरात एखाद्या खोलीत डाल्याखाली, वरून पोतं टाकून ठेवा.

लाईन जाणं. पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशाच्या आसपास ऊब लागते, पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी. बल्ब गेला तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, किंवा सरळ खुडुक कोंबडीखाली सोडा, तीच बरी. आणि पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर थंडी आहे, कडेला पळाली तर गरम होते आहे, थर्मामीटर नसला तरी एवढं पाहून चालते.

१०. आजारी वाटली तर

ज्या कोंबडीला रोज हात लागतो तिचं बिनसलेलं एका दिवसात कळतं. हाक मारल्यावर सगळ्यात शेवटी आली, एका पायावर पिसं फुलवून बसली, तर वेगळी करा आणि उबेत ठेवा. मान वाकडी होणं, हिरवी शीट, एकाच दिवशी दोन-तीन मरणं असं दिसलं तर घरगुती इलाज करत बसू नका, मेलेली उकिरड्यावर फेकू नका, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा. फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे. फोन करताना ती वही समोर ठेवा, कारण तिकडून हेच विचारतात, वय किती, कोणती लस कधी झाली, कधीपासून खात नाही, शीट कशी आहे, आणि गेल्या पंधरा दिवसात नवीन पक्षी आणला का.